विश्लेषण : बटू दीर्घिकांचे नशीब कोण ठरवते, शेजार की मुलूख?

वणीत एखादी गोष्ट बिघडली की तिची दोन कारणे तयारच असतात. विहिरीचे पाणी खोल गेले, कपाशीच्या बोंडावर काळी भुकटी बसली, की पहिले उत्तर येते, 'खाण आहे ना.' आणि खाण दूर असेल तर दुसरे, 'विदर्भ आहे बाप्पा, अनुशेष आहे.' दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण ती दोन वेगळी उत्तरे आहेत, हे आपण बोलण्याच्या ओघात विसरतो. खाण हा शेजार आहे. विदर्भ हा मुलूख आहे. उघड्या खाणीच्या कडेला असलेले गाव आणि झरी जामणीच्या जंगलपट्ट्यातले गाव एकाच मुलखात, एकाच जिल्ह्यात आहे. दोघांचे दुखणे मात्र एक नाही.

नेमका हाच घोळ खगोलशास्त्रात लहान दीर्घिकांच्या बाबतीत बरीच वर्षे चालू आहे. अंतराळात आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे असंख्य समुदाय आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यांतल्या सर्वाधिक दीर्घिका आकाराने लहान, म्हणजे बटू आहेत. काहींत आजही तारे जन्मतात, काही कधीच्याच विझल्या. असे का? 'परिस्थितीमुळे' हे उत्तर पाठ्यपुस्तकांपासून यूट्यूबच्या व्हिडीओपर्यंत सगळीकडे मिळते. माझा आक्षेप या उत्तरावर आहे. परिस्थिती म्हणजे शेजारची एखादी मोठी दीर्घिका, की कोट्यवधी प्रकाशवर्षांचा तो सगळा प्रदेश? हे वेगळे केल्याशिवाय उत्तर द्यायचेच नाही, असे माझे मत आहे. आणि ते वेगळे करण्याच्या कामात एक महत्त्वाचा वाटा आपल्याच राज्यातल्या दुर्बिणीने उचलला आहे. त्याची बातमी मात्र फारशी कुठे झाली नाही.

प्रश्न आला कुठून?

चिखलगावच्या बाहेर, रस्त्यावरच्या दिव्यांपासून जरा आत, हिवाळ्यात आम्ही काही मुलांना आकाश दाखवत होतो. वणीचे आकाश आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. ट्रकांची धूळ, खाणींवरचे प्रखर झोत आणि गावातले नवे पांढरे दिवे यांतून जे उरते ते बघायचे. तरीही नोव्हेंबरच्या रात्री आठ-साडेआठला देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. सहा इंची दुर्बिणीतून ती एखाद्या फिकट पांढऱ्या डागासारखी दिसते, आणि तिला अगदी खेटून आणखी एक बारका धूसर ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे एम-३२, देवयानीच्या कह्यात असलेली एक छोटी दीर्घिका. आपल्यापासून दोन्ही सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहेत.

दहावीतल्या एका मुलीने बराच वेळ डोळा लावून पाहिले आणि विचारले, ''सर, ती बारकी राहिली ते काऊन? मोठीच्या बाजूला आहे म्हणून, का ते पहिल्यापासूनच तशी?''

मी तेव्हा 'दोन्ही' असे गुळमुळीत उत्तर दिले. घरी येऊन मला त्याची लाज वाटली. कारण प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याची नेमकी उत्तरे उपलब्ध आहेत.

बटू म्हणजे किती लहान?

आपल्या आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत. बटू दीर्घिकेत त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके असले तरी ती बटूंमध्ये मोठी समजायची. दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांना दिसणारा मोठा मॅजेलनी मेघ हा त्यांतला दांडगा. वणी २० अक्षांशावर असल्याने तो आपल्या क्षितिजाला जेमतेम टेकतो, म्हणजे व्यवहारात दिसत नाही. दुसऱ्या टोकाला अशाही दीर्घिका सापडल्या आहेत ज्यांत जेमतेम काही हजार तारे आहेत. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाच्या लोकसंख्येएवढे.

मग एवढ्या चिल्लर गोष्टींकडे कशाला पाहायचे? याचे उत्तर जिनिंगच्या आवारात उभे राहिले की कळते. वावटळ आली की सरकी जागेवर राहते, रुई उडते. वारा दोघांनाही सारखाच लागलेला असतो, पण वारा आला होता हे रुई सांगते. मोठ्या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दणकट असते, तिचा वायू सहसा हलत नाही. बटू दीर्घिकेची पकड ढिली असते. आसपास जे काही घडते ते तिच्या अंगावर उमटते. भोवतालाचा परिणाम मोजायचा तर मोजपट्टी म्हणून बटू दीर्घिकाच घ्याव्या लागतात.

यात वायूला एवढे महत्त्व का, हेही एकदा सांगायला हवे. तारे थंड हायड्रोजन वायूच्या ढगांतून जन्मतात. वायू हे दीर्घिकेचे बियाणे. ते संपले किंवा कुणी नेले की नवे तारे जन्मत नाहीत. असलेले जुने लालसर तारे तेवढे मंद जळत राहतात. पेरणीच बंद झालेल्या शिवारासारखी ती दीर्घिका दिसायला असते, पण तिच्यात पुढे काही घडत नाही.

शेजारी काय करतो?

शेजारी लुटतो. याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही.

आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बटू दीर्घिका पाहिल्या तर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळजवळ सगळ्या कोरड्या आहेत. हायड्रोजन वायू नाही, नवे तारे नाहीत. अपवाद दोन मॅजेलनी मेघांचा. ते वजनदार आहेत म्हणून अजून तग धरून आहेत, तरी त्यांच्याही मागे ओढल्या गेलेल्या वायूचा शंभराहून अधिक अंशांचा पट्टा आकाशभर पसरलेला आहे. त्या सीमेच्या बाहेर मात्र लिओ-टी नावाची एक अगदी लहानशी दीर्घिका आपला वायू सांभाळून बसलेली दिसते. एस्टोनियाचे यान आइनास्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या आणि दूरच्या सोबती दीर्घिकांमधला हा फरक १९७४ मध्येच दाखवून दिला होता.

लुटण्याच्या रीती दोन. एक, गुरुत्वाची ओढ. जवळची बाजू जास्त खेचली जाते, लांबची कमी, आणि दीर्घिका उसवत जाते. धनू राशीच्या दिशेला १९९४ मध्ये सापडलेली एक बटू दीर्घिका आज या पद्धतीने आपल्या आकाशगंगेत विरघळते आहे. तिच्या ताऱ्यांचे लांबच लांब पट्टे आकाशगंगेला वेढून आहेत. दुसरी रीत वाऱ्याची. मोठ्या दीर्घिकेभोवती आणि दीर्घिकांच्या समूहांत विरळ, तप्त वायू भरलेला असतो. त्यातून लहान दीर्घिका वेगाने जाते तेव्हा समोरून वारा लागावा तसा दाब येतो आणि तिचा वायू मागे उडून जातो. मोटारसायकलवर डोक्यावरची टोपी उडते तसा. १९७२ मध्ये गन आणि गॉट या दोघांनी हे गणित मांडले होते.

खरा पुरावा २०१२ मध्ये आला. येल विद्यापीठातील मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या आकाश सर्वेक्षणातल्या बटू दीर्घिका तपासल्या. ठराविक वजनाच्या खालच्या विझलेल्या दीर्घिका कुठे आहेत ते पाहिले. त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या मोठ्या दीर्घिकेपासून सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांच्या आतच निघाल्या. त्याच्या पलीकडे, एकट्या राहणाऱ्यांत विझलेल्यांचे प्रमाण ०.०६ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे दहा हजारांत सहासुद्धा नाहीत. सामाजिक शास्त्रात कुणाला एवढा स्वच्छ आकडा मिळाला तर तो पेढे वाटेल.

आणि त्या मुलीच्या एम-३२ चे काय? २०१८ मध्ये गोव्याचे जेझुइट खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड डिसूझा आणि मिशिगन विद्यापीठाचे एरिक बेल यांनी मांडलेला हिशोब असा : सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी देवयानीने एक चांगली भलीमोठी दीर्घिका गिळली. आकाशगंगा आणि देवयानी यांच्यानंतर आपल्या परिसरातली तिसऱ्या क्रमांकाची. एम-३२ हा तिचा उरलेला गाभा असावा. सगळ्या तज्ज्ञांना हे मान्य आहे असे नाही. पण ते खरे असेल तर 'पहिल्यापासूनच तशी का' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ती बारकी जन्मलीच नव्हती.

मग मुलूख म्हणजे काय?

इथपर्यंत सगळे शेजाराचे झाले. आता मोठ्या नकाशाकडे.

विश्वात दीर्घिका सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्या जाळ्यासारख्या मांडल्या आहेत. लांब तंतू, तंतू जिथे मिळतात तिथे दाट गाठी आणि मध्ये प्रचंड पोकळ्या. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर अशी एक महाकाय गाठ शोधली. तिला 'सरस्वती' नाव दिले. त्या महासमूहात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. तेव्हा ती पहिल्या पानाची बातमी झाली होती आणि व्हायलाच हवी होती.

पोकळ्यांची बातमी होत नाही. तिथे काही नाही, म्हणूनच कदाचित. स्वाती तारा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो ज्या भूतप तारकासमूहात आहे त्याच्या दिशेला, पण त्याच्या कितीतरी पलीकडे, १९८१ मध्ये सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे रुंदीची पोकळी सापडली. एवढ्या जागेत हजारो दीर्घिका असायला हव्यात, तिथे पुढच्या शोधांत काही डझनच मिळाल्या. त्याहून कितीतरी जवळ, आपल्याच परिसराला लागूनही एक पोकळी आहे.

अशा ओसाड मुलखात जन्मलेली बटू दीर्घिका कशी असेल? अपेक्षा अशी होती की ती वेगळीच निघेल. आजूबाजूला कच्चा माल कमी, टकरा कमी, लुटणारा शेजारी नाही. तिची वाढ सावकाश होईल, तिची फिरकी वेगळी असेल. अमेरिकी विश्वशास्त्रज्ञ जेम्स पीबल्स, ज्यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले, त्यांनी २००१ मध्ये उलट दिशेने बोट ठेवले : सिद्धांताप्रमाणे पोकळ्यांत चित्रविचित्र लहान दीर्घिकांचा बराच भरणा असायला हवा, प्रत्यक्षात ज्या थोड्या सापडतात त्या बऱ्याचशा नेहमीसारख्याच का दिसतात?

हा प्रश्न डोळ्यांनी दिसणाऱ्या प्रकाशाने सुटत नाही. पोकळीतल्या बटू दीर्घिका इतक्या अंधूक असतात की तारे मोजून त्यांचा अंदाज येत नाही. तिथला वायू मोजावा लागतो. त्यासाठी जावे लागते जुन्नर तालुक्यात.

खोडदच्या तबकड्या

नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या टापूत इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तारेच्या जाळीच्या हलक्या तबकड्या ही त्यांची करामत. लोखंडी पत्र्याच्या ठोस तबकड्या केल्या असत्या तर आपल्याला त्या परवडल्याच नसत्या.

ही दुर्बीण हायड्रोजनचा आवाज ऐकते. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन कधीतरी आपली फिरकी उलटी करतो आणि २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एका अणूच्या वाट्याला हा प्रसंग सरासरीने कोटभर वर्षांतून एकदा येतो. पण दीर्घिकेत अणू इतके अगणित असतात की लहरींचा एक मंद, अखंड ओघ येत राहतो. लहरीची लांबी किंचित बदललेली असते. त्यावरून वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, म्हणजेच दीर्घिका कशी फिरते, ते काढता येते. हा ओघ इतका क्षीण असतो की आपण हा लेख ज्यावर वाचत आहात तो मोबाईल त्याच्यापुढे ढोल वाजवल्यासारखा आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरते. तिथे गेलात तर फोन बंद ठेवायला का सांगतात ते आता लक्षात येईल.

या दुर्बिणीवर आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह आदींनी अत्यंत अंधूक अशा ६२ बटू दीर्घिकांचे सर्वेक्षण केले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००५ मध्ये, यांच्याच हाती एक नमुना लागला होता : सप्तर्षीच्या दिशेला सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ३७४१. छायाचित्रात ही दीर्घिका एवढीशी दिसते. तिची वायूची तबकडी मात्र ताऱ्यांच्या दृश्य पसाऱ्याच्या आठपटीहून लांब निघाली. दिवाणखाना बघून घराचा अंदाज करावा आणि मागे चौसोपी वाडा निघावा, तसे.

मुलूख आणि शेजार यांचा निवाडा करणारे काम २०१८ मधले. सुष्मा कुरापती, चेंगलूर, रशियाचे सायमन पुस्तिल्निक आणि पीटर कॅम्फुइस यांनी कर्क आणि त्याच्या शेजारच्या लिंक्स या तारकासमूहांच्या दिशेला असलेली, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवरची पोकळी निवडली. त्या पोकळीतल्या ११ बटू दीर्घिकांच्या वायूवरून त्यांचे वजन आणि त्यांची फिरकी मोजली. शास्त्रीय भाषेत, दर वस्तुमानामागे किती कोनीय संवेग.

दोन गोष्टी आढळल्या. एक, मोठ्या सर्पिल दीर्घिकांवरून अंदाज बांधला तर जेवढी फिरकी असायला हवी त्यापेक्षा यांची जास्त आहे. दोन, पोकळीच्या बाहेरच्या बटू दीर्घिकांची फिरकीही तशीच आहे. पोकळीत राहिल्यामुळे काही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. फरक पडतो तो वजनाने. तारे आणि वायू मिळून सुमारे सव्वाशे कोटी सूर्यांएवढे वस्तुमान ही सीमा. तिच्या खाली गेले की फिरकी वाढलेली सापडते, मग मुलूख कोणताही असो.

मला हा निष्कर्ष 'सरस्वती'च्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. ११ हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण 'ओसाड मुलखात जन्मली म्हणून अशी' हे तयार उत्तर इथे मोजमापासमोर टिकले नाही. असे निष्कर्ष बातमीत येत नाहीत, कारण 'फरक आढळला नाही' याचा मथळा होत नाही. आम्हा लिहिणाऱ्यांचाही यात दोष आहे. महाकाय, सर्वांत जुने, सर्वांत दूर, या विशेषणांशिवाय आम्हाला खगोलशास्त्र लिहिता येत नाही.

म्हणजे मुलखाचा काहीच परिणाम नाही?

असेही नाही, आणि इथेच घाई नडते. त्याच पोकळीतल्या शंभराच्या आसपास दीर्घिका पुस्तिल्निक यांच्या गटाने तपासल्या. दाट वस्तीतल्या तशाच दीर्घिकांच्या तुलनेत त्यांच्याकडे प्रकाशाच्या मानाने वायू सरासरी सुमारे ४० टक्के जास्त आहे. ऑक्सिजनसारखी, ताऱ्यांच्या पोटात शिजणारी मूलद्रव्ये मात्र कमी. म्हणजे पेरणी सावकाश झाली आहे. बियाणे अजून कोठारात आहे.

त्यात २०२५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात चिनी संशोधकांचा एक निबंध आला आणि मुलखाची बाजू पुन्हा उभी राहिली. त्यांनी मोठ्या शेजाऱ्यापासून दूर असलेल्या एकट्या बटू दीर्घिकाच घेतल्या. त्यांचे दोन गट केले : पसरट, विरळ तारे असलेल्या आणि घट्ट बांध्याच्या. शेजार नाही म्हटल्यावर दोन्ही गट जाळ्यात सारखेच विखुरलेले असायला हवेत. तसे आढळले नाही. विरळ दीर्घिका विश्वाच्या दाट भागांच्या आसपास जास्त गोळा झालेल्या दिसल्या, घट्ट दीर्घिका तेवढ्या नाहीत.

याचा अर्थ लावणे अवघड आहे. एक अर्थ असा : प्रत्येक दीर्घिका डार्क मॅटर म्हणजे न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या एका गोळ्यात बसलेली असते. हा गोळा कधी आकाराला आला, लवकर की उशिरा, हे मुलखावर अवलंबून असते. दाट मुलखातले गोळे लवकर तयार होतात, आणि जन्मवेळेतला तो फरक दीर्घिकेच्या बांध्यात उतरतो. पण प्रचलित कल्पनेप्रमाणे लवकर जमलेल्या गोळ्यात दीर्घिका घट्ट असायला हवी. इथे ती विरळ आहे. म्हणून कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आपटत असतील का, इथपर्यंत चर्चा गेली आहे. ती अजून मिटलेली नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मुलूख आणि शेजार यांच्या कामाच्या तऱ्हा निरनिराळ्या निघाल्या. शेजारी हिसकावून घेतो, ते लवकर घडते आणि त्याच्या खुणा शिल्लक राहतात. मुलूख काही हिसकावत नाही. तो वेळापत्रक ठरवतो : कच्चा माल केव्हा आणि किती मिळणार. फिरकीसारख्या काही बाबतीत तर त्याचा हात दिसतही नाही. तिन्ही गोष्टींना 'परिस्थिती' हे एकच नाव दिले तर खोडदचा निष्कर्ष आणि 'नेचर'मधला निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात एकाने फिरकी मोजली, दुसऱ्याने जाळ्यातल्या जागा मोजल्या.

आपल्याकडे १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजताना जिल्हा हे एकक धरले होते. एकक जिल्हा असले की जिल्ह्याच्या आतली विषमता आकड्यात दिसत नाही, ही टीका विदर्भाला नवी नाही. खगोलशास्त्रात आज तेच चालू आहे. 'भोवताल' ५० लाख प्रकाशवर्षांचा धरायचा की पाच कोटींचा, यावर उत्तर बदलते. अर्थात ही उपमा इथपर्यंतच. दीर्घिकेला मत नसते, मोर्चा काढता येत नाही आणि गाव सोडून पुण्यालाही जाता येत नाही. ताऱ्यांवरून माणसांना उपदेश करणाऱ्यांपासून मी लांब राहतो. इथे मला फक्त मोजण्याची शिस्त उसनी घ्यायची आहे.

पुढच्या काही वर्षांत आकडे वाढतील. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. ती अंधूक दीर्घिका मोठ्या संख्येने शोधेल. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या रेडिओ दुर्बिणीत भारत भागीदार आहे. केंद्राने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. ११ दीर्घिकांच्या जागी हजारो आल्या की मुलखाचा वाटा किती, हे अधिक ठामपणे सांगता येईल. या प्रकल्पांच्या बातम्या देताना 'भारताचा सहभाग' या दोन शब्दांपुढे जाऊन, त्यातून कोणता प्रश्न सुटणार हेही छापले जावे, एवढी अपेक्षा.

तिसरे कारण : स्वतःचे वजन

मार्चमध्ये त्या मुलीची परीक्षा संपल्यावर तिला हे सगळे सांगितले. एम-३२ ची गोष्ट तिला आवडली. ११ दीर्घिकांची गोष्ट ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ''सर, पण पोकळीतल्या दीर्घिकेला तर कोणी लुटलं नाही. वायू बी जास्त आहे. मंग ते मोठी काऊन नाही झाली?''

याचे उत्तर शेजारातही नाही, मुलखातही नाही; ते तिच्या वजनात आहे. वजन कमी म्हणून वायूची तबकडी विरळ राहते, आणि विरळ वायूचे ढग आकसून तारे होणे फार कठीण. जे थोडे वजनदार तारे होतात, त्यांचा स्फोट झाला की उरलेला वायू ढवळला जातो, काही बाहेरही फेकला जातो. अगदीच चिमुकल्यांचे तर त्याहून आधी फसले : विश्वाच्या बाल्यावस्थेत पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी सगळीकडचा वायू तापवला. ज्यांचे गुरुत्व फार कमी, त्यांना तो तापलेला वायू धरून ठेवता आला नाही. आपल्याजवळच्या काही अतिअंधूक दीर्घिकांतले जवळजवळ सगळे तारे १२०० कोटी वर्षांहून जुने आहेत, हे हबल दुर्बिणीने दाखवले आहे. त्यांच्या बाबतीत पेरणी एकदाच झाली.

''आणि पोकळीतल्यांचा वायू कधी संपन?''

एकूण वायू भागिले दरवर्षी ताऱ्यांत जाणारा वायू, असे मी सांगितले आणि एका नमुना दीर्घिकेचे आकडे दिले. तिने मोबाईल न काढता वहीवरच भागाकार केला. शून्ये मोजताना एकदा चुकली, पुन्हा मोजली. विश्वाचे आजवरचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. तिचे उत्तर त्याहून मोठे आले, तेव्हा आपले गणित चुकले असे समजून ती खोडायला लागली. मी म्हटले, राहू दे. बरोबर आहे.